विंचू चावतो पायाला, थकतं हृदय

डंख पायाच्या बोटाला आणि मरण फुफ्फुसात साठलेल्या पाण्याने. लाल विंचवाच्या विषाची ही चाल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. विष असतं थेंबाच्याही अंशाएवढं. ते हृदयाच्या जवळपासही टोचलेलं नसतं. तरीही चांगला धडधाकट माणूस काही तासांत धापा टाकू लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो, आणि त्याचा ईसीजी काढला तर तो हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या आलेखासारखा दिसू शकतो. या बोटभर प्राण्यामुळे महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी हृदयावरचं असं संशोधन झालं, की ते आज जगभर वाचलं जातं.

आधी विंचवाची ओळख करून घेऊ. शेताच्या बांधावर दगड उलथला की दोन तऱ्हेचे विंचू भेटतात. एक मोठा काळा, जाडजूड नांग्यांचा, पाहताच अंगावर काटा आणणारा. दुसरा तांबूस, सडपातळ, बारीक नांग्यांचा, पण शेपटी मात्र जाड. घाबरायचं ते दुसऱ्याला. काळ्याच्या डंखाने ठणका लागतो, जीव सहसा जात नाही. तांबड्याच्या शेपटीत मात्र भारतातल्या विंचवांमधलं सर्वांत घातक विष आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘हॉटेंटोटा टॅम्युलस’ म्हणतात, जुन्या लेखांत तो ‘मेसोबुथस टॅम्युलस’ या नावाने येतो. दिवसा तो दगडाखाली, सालीआड, कौलांच्या फटीत दडून असतो आणि रात्री शिकारीला निघतो. अतिनील किरणांचा दिवा त्याच्यावर धरला तर सगळ्या विंचवांप्रमाणे तोही अंधारात हिरवट-निळा चमकतो.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके त्याला मानवतील असेच आहेत. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर असा सह्याद्रीचा कडा. तिथे भातखाचरं, दगडी ताली, हिरड्याची झाडं, आणि महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या. पूर्वेला उतरावं तसा पाऊस कमी होत जातो आणि नारायणगाव, मंचरच्या पुढे टोमॅटो, कांदा आणि उसाचा पट्टा लागतो. विंचवाची गाठ पडण्याचे प्रसंग दोन्हीकडे आहेत. हिरडा वेचताना पाचोळ्यात हात जातो. कांद्याच्या बराखीत अंधारात चाचपडावं लागतं. ऊसतोड मजुरांच्या कोपीत माणसं जमिनीवरच झोपतात. आणि शेतीची वीज रात्री आली की शेतकऱ्याला रात्रीच पाणी द्यायला जावं लागतं, नेमक्या विंचवाच्या वेळेला.

अशा ठिकाणी विंचू चावला की पूर्वी माणूस भगताकडे जाई आणि भगत विंचू ‘उतरवी’. पुष्कळदा तो उतरतही असे, कारण बहुतेक डंखांत वेदनेपलीकडे काही होतच नाही. काही जणांचा मात्र उतरत नसे. ते रात्री चावल्यावर पहाटेपर्यंत दगावत, आणि ते का दगावले हे भगताला कळत नसे, तसं डॉक्टरालाही कळत नसे.

हे कोडं उकलायला मदत झाली ती सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक मुलगा नागपूरला डॉक्टर झाला आणि 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. हे डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचवाच्या डंखाचे रुग्ण तिथे सतत येत, आणि त्यांतली लहान मुलं डोळ्यांदेखत जात. पुस्तकांत या विंचवाबद्दल फारसं काही नव्हतं. फुफ्फुसात पाणी होतं हे मात्र अगदीच अज्ञात नव्हतं: डॉ. मुंडले यांनी 1961 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तशी नोंद केली होती, आणि पुढे त्रिनिदाद आणि इस्राएलमधल्या डॉक्टरांनीही तिथल्या विंचवांमुळे हृदयाला होणाऱ्या इजेबद्दल लिहिलं होतं. पण मरण येणार हे आधी कसं ओळखायचं आणि ते अडवायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

बावस्करांजवळ काय होतं? रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ, वही आणि रुग्णाच्या खाटेशेजारी रात्रभर बसण्याची तयारी. डंख किती वाजता झाला, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, नाडी किती, हातपाय कुठपर्यंत गार पडले, अशा नोंदी ते करत गेले. पुरेशा नोंदी जमल्यावर त्यांतून एक क्रम दिसू लागला. पहिल्या काही तासांत उलट्या, अंग भिजवणारा घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत आणि लहान मुलग्यांत लिंगाची न थांबणारी ताठरता, आणि गार पडत जाणारे हातपाय. ही लक्षणं दिसलेल्यांचं हृदय धोक्यात असे. याउलट ज्यांना जागेवर असह्य ठणका होता, पण यांतलं काहीच नव्हतं, ते बहुधा तरून जात. म्हणजे ज्याचा आक्रोश सगळ्यांत मोठा त्याची काळजी जरा कमी, आणि जो फारसं दुखत नाही म्हणतो पण घामाने थबथबलाय, त्याच्यापाशी डॉक्टरने बसून राहायचं. ही निरीक्षणं 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयावरचा धोका तो येण्याआधी ओळखण्याची ही चाचणी होती. तिला तपासणाऱ्याचे डोळे आणि हाताचा पंजा एवढंच लागत होतं.

यातली एक गोष्ट मला चकित करते. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात डंख झालेल्या माणसाच्या अंगाला घाम सुटतो. भारूड अर्थातच कामक्रोधाच्या विंचवाचं आहे, पण रूपक उभं राहिलं ते कुणीतरी खरा डंख पाहिला होता म्हणून. आधुनिक वैद्यकाने धोक्याच्या यादीत वर लिहिलेलं हे लक्षण मराठी माणसं चारशेहून अधिक वर्षं टाळ-मृदंगावर ऐकत होती.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या पेशींना बारीक दारं असतात. सोडियमचं दार क्षणभर उघडतं, संदेश पुढे जातो आणि दार मिटतं. लाल विंचवाच्या विषातले काही घटक हे दार मिटू देत नाहीत. संदेश थांबायचं नाव घेत नाही. मग शरीराचं आपोआप चालणारं सगळं कामकाज एकदम उसळतं. सुरुवातीला लाळ, घाम, उलट्या, मंदावलेली नाडी. पाठोपाठ मज्जातंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून नॉरॲड्रेनालिन आणि ॲड्रेनालिनचा लोंढा. वाघ समोर आल्यावर जी रसायनं आपल्याला पळायला बळ देतात तीच इथे तासन् तास, प्रमाणाबाहेर ओतली जातात. विंचवाचं विष हृदयावर जेवढा घाला घालतं त्याहून मोठा घाला शरीराची स्वतःची धोक्याची घंटा घालते.

या रसायनांनी शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो आणि हृदयाला आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. जुन्नरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल: विहिरीवरची मोटार जोरात चालू आहे आणि पाइपलाइनचा पुढचा व्हॉल्व्ह कुणीतरी जवळजवळ बंद केलाय. मोटार तापते, दाब मागे येतो. हृदयाच्या बाबतीत मागे म्हणजे फुफ्फुसं. तिथल्या केशवाहिन्यांतून द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो आणि रुग्ण स्वतःच्याच पाण्यात गुदमरतो. त्यातच ॲड्रेनालिनच्या माऱ्याने हृदयाचा स्नायू बधिर झाल्यासारखा होतो. हृदयाच्या धमनीत गुठळी नसते, पण ईसीजी झटक्यासारखा दिसतो. जपानी डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार सांगितला. त्यात मोठ्या मानसिक धक्क्यानंतर धमन्या मोकळ्या असूनही हृदय तात्पुरतं कोलमडतं. लाल विंचू जवळपास त्याच वाटेने जातो. दिलासा हा की वाचलेल्या रुग्णाचं हृदय बहुधा काही दिवसांत पूर्ववत होतं. म्हणजे रुग्णाला फक्त त्या वादळातून पार न्यायचं असतं.

पार कसं न्यायचं, इथेच वैद्यकाचा पाय घसरत होता. विंचवावर तेव्हा वेगवेगळे उपाय चालत: स्टिरॉइड, ॲट्रोपिन, गुंगीच्या औषधांची मिश्रणं, हृदयाचा जोर वाढवणारी औषधं. घाम आणि उलट्यांमुळे रुग्णाच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यात लघवी वाढवणारी औषधं दिली की आणखी नुकसान. जोर वाढवणारी औषधं म्हणजे तापलेल्या मोटारीला आणखी वीज. बावस्करांनी विचार उलटा केला. मोटारीला हात लावायचा नाही, व्हॉल्व्ह उघडायचा.

रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून दिल्यावर फुफ्फुसात पाणी झालेले रुग्ण सावरतात, हे त्यांना दिसलं. पण हे औषध थेंबाथेंबाने, मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहत द्यावं लागतं. अतिदक्षता विभागात ते जमतं, गावच्या दवाखान्यात अवघड. मग त्यांचं लक्ष त्याच वाटेने जाणाऱ्या एका गोळीकडे वळलं. तिचं नाव प्राझोसिन. उच्च रक्तदाबासाठी बाजारात आलेली, अल्फा-1 नावाच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, झाकणारी गोळी. नॉरॲड्रेनालिन रक्तवाहिनी आवळतं ते याच ग्राहकांवर बसून. ग्राहक झाकला की लोंढा आला तरी वाहिनी आवळत नाही. धमन्या सैल होतात तशा शिराही सैल होतात, म्हणून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा भारही हलका होतो. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराचे निष्कर्ष 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

औषध थांबवायचं कधी, याचं उत्तरही त्याच साधेपणाचं आहे. ठरावीक तासांनी गोळी द्यायची, आणि रुग्णाचे हातपाय कोरडे व उबदार झाले की थांबायचं. रक्तवाहिन्या उघडल्या याचा पुरावा तळव्याच्या उबेत मिळतो. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं, लहान मुलाला कडेवर उभं धरायचं नाही. ही गोळी घरच्या डब्यातून कुणी द्यायची नाही. ती डॉक्टरच्या डोळ्यांसमोरच हवी.

फरक किती पडला? गंभीर विषबाधा झालेल्यांत पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिन आल्यानंतर बावस्करांच्या नोंदींत हा आकडा एक टक्क्याच्या घरात आला. हृदयविकाराच्या इतिहासात एवढी मोठी उडी, तीही आधीच दुकानात असलेल्या स्वस्त गोळीने मारलेली, फार क्वचित दिसते.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं, पण चांगलं संशोधन स्वतःलाच पुढचा प्रश्न विचारतं. प्राझोसिन विषाचा परिणाम अडवतं, विष मात्र शरीरात तसंच राहतं. विष निकामी करणारं औषध, म्हणजे घोड्यांच्या रक्तापासून केलेलं विंचूविरोधी प्रतिविष, मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागलं होतं. साप आणि विंचू यांचं प्रतिविष वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. मग गोळीसोबत हे प्रतिविष दिलं तर फायदा होतो का? मत मांडायला सगळे मोकळे होते. बावस्कर दांपत्याने महाडमध्ये चाचणीच घेतली.

चाचणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. डॉक्टरने स्वतः निवड केली तर नकळत बऱ्या वाटणाऱ्या रुग्णाला नवं औषध जाईल आणि औषध खोटंच गुणी ठरेल. म्हणून कोण कोणत्या गटात हे चिठ्ठीसारख्या निव्वळ योगायोगावर सोडतात. 70 रुग्ण, प्रत्येक गटात 35. प्राझोसिन दोन्ही गटांना, कारण जीव वाचवणारं औषध कुणाचंही काढून घेणं अनैतिक ठरलं असतं. प्रतिविष फक्त एका गटाला. निकाल 2011 मध्ये ‘बीएमजे’मध्ये, म्हणजेच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये, आला. दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी 32 जण दहा तासांच्या आत बरे झाले, फक्त प्राझोसिन मिळालेल्यांपैकी 8. बरं व्हायला सरासरी लागलेला वेळ एका गटात 8 तास, दुसऱ्यात 17.7 तास. कोणाला काय दिलं हे डॉक्टरला माहीत होतं, ही या चाचणीची मर्यादा. पण एखाद्या तालुक्याच्या खासगी दवाखान्यात अशी चाचणी उभी राहते आणि जगातल्या नामवंत नियतकालिकात छापून येते, हे आपल्याकडे किती वेळा घडलंय? बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

विषाची दुसरी बाजू याहून चक्रावणारी आहे. याच लाल विंचवाच्या विषातून 1990 मध्ये शास्त्रज्ञांनी ‘आयबेरिओटॉक्सिन’ नावाची 37 अमिनो आम्लांची साखळी वेगळी काढली. ती पोटॅशियमच्या एका विशिष्ट दारात बुचासारखी बसते, शेजारच्या दारांना जवळपास स्पर्शही करत नाही. हे दार आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे आणि वाहिनी गरजेपेक्षा जास्त आवळू नये म्हणून ते ब्रेकसारखं काम करतं. हे कळलं कसं? विंचवाचं बूच बसवून, दार बंद केल्यावर वाहिनीचं काय होतं ते पाहून. आज जगात कुठेही रक्तदाबावर प्रयोग चालू असेल, तर त्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये हा रेणू असण्याची बरीच शक्यता आहे. आपण शेताच्या बांधावर चपलेने ठेचतो त्या जिवाने हृदयशास्त्राला एवढं नेमकं हत्यार दिलं आहे.

आता पुन्हा जुन्नर आणि आंबेगावकडे. दंशावर उपचार करण्याची परंपरा या भागाला नवी नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरच्या कामासाठी राज्यभर ओळखले जातात, आणि रुग्ण वेळेत पोचला तर काय होऊ शकतं हे इथल्या लोकांनी पाहिलं आहे. विंचवाच्या बाबतीतही वेळ हाच कळीचा मुद्दा. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विषच पकडू शकतं, म्हणून पहिले तास मोलाचे. आहुप्यासारख्या गावातून घोडेगावला यायचं तर घाटाचा लांब रस्ता. अशा वेळी घरच्यांना धोक्याची लक्षणं माहीत असणं हाच अर्धा उपचार. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की भगताची वाट न पाहता, जागा न कापता, आवळून न बांधता, रुग्णाला आडवं ठेवून दवाखाना गाठायचा. लहान मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहायची नाही.

आणि या दोन तालुक्यांसाठी एक प्रश्न खास राखून ठेवलेला आहे. कोकण किनाऱ्यावरच्या आणि दख्खनच्या पठारावरच्या लाल विंचवांचं विष शास्त्रज्ञांनी ताडून पाहिलं तेव्हा त्यातल्या पेप्टाइडांमध्ये जागेनुसार फरक आढळला. कोकणातला डंख जास्त जीवघेणा, कोरड्या पठारावरचा तुलनेने कमी, हा डॉक्टरांचा अनुभव त्याच्याशी जुळत होता. जात एक, रूप एक, पण घाटाच्या अल्याड-पल्याड विषाची पाककृती वेगळी. जुन्नर आणि आंबेगाव बरोबर या सीमेवर बसले आहेत. पश्चिम टोकाला कोकणासारखा धो-धो पाऊस, पूर्व टोकाला पठाराची कोरड, आणि मध्ये एसटीने दोन-तीन तासांचं अंतर. भीमाशंकरच्या रानातला विंचू आणि मंचरच्या कांद्याच्या बराखीतला विंचू एकच विष बाळगतात का? पाऊस बदलतो तसं विष बदलत जातं, की मध्येच कुठेतरी रेघ आहे? आणि विष खरंच बदलत असेल तर पश्चिमेकडच्या रुग्णांचे हातपाय लवकर गार पडतात का?

हा प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी बसूनही सोडवता येतो. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव इथल्या दवाखान्यांत एक नोंदवही पुरे: गाव कुठलं, डंख किती वाजता, रुग्ण पोचला किती वाजता, घाम आहे की नाही, गारठा बोटांपर्यंत की कोपरापर्यंत, रक्तदाब किती, पहिली गोळी कधी, आणि तळवे उबदार कधी झाले. काही पावसाळे ती इमानाने भरली, तर दोन तालुक्यांच्या नकाशावर विषाचा चढउतार उमटेल. यातल्या एकाही रकान्याला वीज लागत नाही.